धुरकटलेला संत

एक होतं गाव. राजा नव्हता त्या गावात. नाही म्हणजे नाही. रोज रोज राजा आणायचा कुठून? काल आणला, परवा आणला, आज त्याला जरा पडू दे. आज नुसतं गाव.

तर हे गाव खूप लांब, समुद्रापलीकडे, ग्रीस म्हणून देश आहे तिथे. डोंगराच्या कुशीत. अलोनाकी त्याचं नाव. पांढरी घरं, दगडाच्या वाटा, अंगणात अंजिराचं झाड, शेतात गहू. आणि बघावं तिकडे ऑलिव्हची झाडं. ऑलिव्ह म्हणजे करवंदाएवढं फळ असतं, त्याचं तेल काढायचं, बाकीची फळं खारवून खायची. तोंड वाकडं करू नका, त्यांना आवडतं.

त्या गावात घरं थोडी आणि चर्चंच फार, बरं का. मोठी नव्हेत हं. देवघराहून मोठी आणि गोठ्याहून लहान. प्रत्येक घराण्याचं एक. कुणाचं टेकडीवर, कुणाचं मळ्यात, कुणाचं मेंढ्यांच्या वाड्यापाशी. प्रत्येक चर्चमध्ये एक संत, लाकडाच्या फळीवर रंगवलेला, आणि प्रत्येक संताचं काम ठरलेलं. पाऊस हवा तर टेकडीवरचे संत एलियास. द्राक्षाला कीड लागली तर मळ्यातले संत त्रिफोन. लांडगा आला तर वाड्यावरचे संत मामास. हसू नका गं, मामास असंच नाव आहे त्यांचं.

मग संताचा दिवस आला की काय करायचं? त्या घराने आपल्या चर्चच्या दारात हंडा चढवायचा आणि सगळ्या गावाला जेवू घालायचं. जेवण झालं की पाहुण्यांनी यजमानाला म्हणायचं, "पुष्कळ वर्षं!" म्हणजे पुष्कळ वर्षं जगा, पुष्कळ वर्षं असंच वाढा. आणि एकदा का एखाद्या चर्चच्या दारात जेवून असं म्हटलं, की त्या चर्चच्या दगडाला कुणी वाकडा हात लावायचा नाही. लावला तर तो माणूस खाल्ल्या मिठाला जागला नाही. मग त्याला गावात कुणी पाणीसुद्धा विचारत नसे.

या गावात एक असिमिना राहायची. केस पांढरे झालेली, एकटीच, चार कोंबड्या आणि एक मोडकं बाकडं एवढा तिचा संसार. तान्ही असताना ती गावाबाहेरच्या एका चर्चच्या उंबऱ्यावर सापडली होती. कुणी ठेवलं, कुठून आली, काही पत्ता नाही. गावाने तिला वाढवलं. आज या घरी, उद्या त्या घरी. गाव वाईट नव्हतं रे. पण झालं काय, की सगळ्यांच्या घरचं तिने खाल्लं आणि तिला मात्र कुणाला वाढता आलं नाही. कारण हंडा चढवायचा तर घराण्याचं चर्च हवं, आणि तिला घराणंच नव्हतं. दरवर्षी ती सगळ्या जेवणांना जायची, कोपऱ्यात बसायची, खाली मान घालून जेवायची आणि "पुष्कळ वर्षं" म्हणून परत यायची.

आणि ते गावाबाहेरचं चर्च? ते कुणाचंच नव्हतं. त्यातला संत दिव्याच्या धुराने असा काळवंडला होता की दाढी आहे की पदर आहे तेही कळेना. नाव कुणाला ठाऊक नाही, दिवस ठाऊक नाही, काम ठाऊक नाही. पण असिमिना रोज संध्याकाळी तिथे तेल घालायची, उंबरा झाडायची आणि घटकाभर टेकायची. तिला माहेर म्हणून दुसरं होतंच काय?

मग एका रविवारी गावचा मुखिया उभा राहिला. स्ताथीस त्याचं नाव. पोटाने मोठा, आवाजाने त्याहून मोठा.

"ऐका," तो म्हणाला, "गहू यायला झाला. आपलं खळं मातीचं. दरवर्षी गव्हाबरोबर माती खातोय आपण. यंदा खळ्याला फरशी घालू. दगड हवेत. ते बिननावाचं चर्च आहे ना, तेच उतरवू."

ती कधी सभेत बोलायची नाही, पण त्या दिवशी उठली.

"स्ताथीस, अरे, संत आहे रे आत."

"कोणता संत?"

"ते मला माहीत नाही."

"त्याचा दिवस कोणता? काम काय?"

"तेही नाही माहीत."

 स्ताथीस आणि ती लहानपणी एका ताटात जेवलेले, त्यामुळे त्यालाही जरा वाईट वाटलं. त्याने दाढी खाजवली. "बरं, पुढच्या सोमवारपर्यंत थांबतो. नाव, दिवस, काम, काहीतरी एक सांग. नाहीतर सोमवारी सकाळी आम्ही पहारी घेऊन येतो."

मग असिमिना धावतच चर्चमध्ये गेली. तिकडच्या बायका काय करायच्या, तसबीर काळी पडली की कापलेला कांदा घासायच्या. तिनेही कांदा कापला आणि त्या फळीवर घासला. घासते आहे, घासते आहे, हात भरून आले, पण काजळी काही निघेना. शेवटी कांदा तिथेच टाकून ती रडत घरी गेली.

सकाळी येऊन बघते तर काय! फळी कोरी. आणि उंबऱ्यावर एक म्हातारा बसलेला. कपडे काजळीने माखलेले, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"कोण हो तुम्ही?" असिमिनाने विचारलं.

"तेच तर आठवत नाही," म्हातारा डोळे पुसत म्हणाला. "पण पोरी, कांदा फार झोंबला बघ."

असिमिनाने एकदा फळीकडे बघितलं, एकदा म्हाताऱ्याकडे बघितलं. तिचं डोकं गरगरायला लागलं. संत फळीतून उतरला हे खरं मानावं, तर संताला स्वतःचं नाव कसं आठवत नाही? आणि खोटं मानावं, तर फळी कोरी कशी? तुम्हीच सांगा. नाही ना सांगता येत? मग तिला कसं यावं?

तिने त्याला भाकरतुकडा दिला आणि हाताला धरून गावात नेलं. "हे माझ्या चर्चमधले संत," ती म्हणाली.

गाव हसायला लागलं. पाद्रीबाबा चर्चमध्ये जाऊन कोरी फळी बघून आले आणि हसायचे थांबले. त्यांनी पोथ्या काढल्या, चाळल्या, परत ठेवल्या. "फळी कोरी आहे हे खरं," ते म्हणाले, "पण त्याचा अर्थ काय, ते मला विचारू नका."

"नाव आठवत नाही ना? नको आठवू दे," स्ताथीस म्हणाला. "काम करून दाखव. गव्हाचा दाणा भरायचा आहे, एक पाऊस हवा. पाड."

मग म्हातारा टेकडीवर गेला. असिमिना मागे मागे. वर उभा राहून त्याने ढगांना हाक मारली आणि काहीतरी पुटपुटत बसला. ढग आले. काळेभोर, जाडजूड. गाव टाळ्या वाजवायला लागलं. आणि त्या ढगांनी काय करावं? पडेनात, गरजेनात. टेकडी उतरून खाली आले आणि गव्हाच्या शेतात, गल्लीत, अंगणात बसले आणि झोपले!

अरे, काय गोंधळ झाला म्हणून सांगू! हात लांब केला तर हात दिसेना. जो तो चाचपडत घरी गेला आणि भलत्याच घरी पोचला. स्ताथीस पाद्रीबाबांच्या घरी जाऊन जेवला आणि आपलीच बायको समजून त्यांच्या बायकोला सूप अळणी झालं म्हणून ओरडला. तिकडे पाद्रीबाबांना बायको असते, बरं का. तिने पळी उगारली तेव्हा त्याला कळलं. गाढवं घरात आणि माणसं गोठ्यात. दुसऱ्या दिवशी ढग उठले, आळस दिला आणि निघून गेले. शेताला ओल लागली होती, पण ते कुणी बघितलंच नाही.

"हे काय केलंत?" असिमिनाने विचारलं.

"ते म्हणाले, फार लांबून आलोय, दमलोय, पण कुठे टेकू देत नाहीत. मी म्हटलं, मग बसा."

असिमिनाने कपाळावर हात मारून घेतला.

मग स्ताथीस म्हणाला, "पाऊस याचं काम नव्हे. मळ्यात सुरवंट पडलेत, ते घालवू दे."

मग म्हातारा मळ्यात गेला. द्राक्षाच्या वेलीपाशी उकिडवा बसला आणि सुरवंटांशी बोलायला लागला. बोलता बोलता मान डोलवतोय, मध्येच "अरेरे" म्हणतोय. आणि खरंच की, सुरवंट वेलीवरून उतरले. एकामागे एक, एकामागे एक, केसाळ, हिरवे, पिवळे. ई ई करू नका, झोप उडेल. मळा साफ झाला. पण ते गेले कुठे? तर गावातल्या मधल्या वाटेने, रांगेने, असिमिनाच्या चर्चकडे निघाले. दिवसभर रांग संपेना. चिरडले जाऊ नयेत म्हणून म्हाताऱ्याने सगळ्यांना थांबवून धरलं. बायका घागरी घेऊन एका पायावर उभ्या. आणि वाटेत पाद्रीबाबांचा कोबीचा वाफा होता, तो त्यांनी जाता जाता फस्त केला.

"आता हे काय?" असिमिना रडकुंडीला आली.

"ते म्हणाले, जा जा सगळेच म्हणतात, कुठे जा ते कुणी सांगत नाही. मी म्हटलं, चला माझ्याकडे, भिंतीपाशी अंगाला खाज आणणारं रान रगड आहे, खा हवं तेवढं. कोबीचं मात्र मला माहीत नव्हतं हं."

गाव चिडलं. द्राक्षं वाचली म्हणून निम्मं गाव खूश, कोबी गेला म्हणून निम्मं रागावलेलं, आणि आपण नक्की खूश की रागावलेलो हेच स्ताथीसला कळेना. "एकच शेवटची संधी," तो म्हणाला. "मेंढ्यांच्या वाड्याभोवती लांडगा फिरतोय. त्याला हाकलून लाव."

मग म्हातारा वाड्यावर गेला. सगळे काठ्या घेऊन भिंतीआड लपले. जरा वेळाने बघतात तर म्हातारा परत येतोय, आणि शेजारी लांडगा! दोघं गप्पा मारत येतायत. मग काय, धनगर झाडावर, शेळ्या छपरावर, पाद्रीबाबा पिठाच्या पेटीत. लांडगा आपला शेपूट खाली घालून गेला आणि असिमिनाच्या चर्चमागे जाऊन पसरला.

"त्याचे दात पडलेत," म्हातारा असिमिनाला म्हणाला. "मेंढ्यासुद्धा हसतात म्हणे त्याला. जाईल कुठे बिचारा?"

पण गाव ऐकतंय थोडंच! स्ताथीस लालबुंद झाला. "पुरे झालं. पाऊस पाडत नाही, किडीला घर देतो, लांडग्याला घर देतो. असला कसला संत! सोमवारी सकाळी पहारी घेऊन येतोय आम्ही."

रविवारी संध्याकाळी असिमिना चर्चच्या उंबऱ्यावर बसली. म्हातारा शेजारी. तिने आयुष्यात त्या संताकडे कधी काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी मात्र तिला राहवेना.

"बाबा," ती म्हणाली, "मी कुणाची हो? तुम्ही तर इथेच होता. मला इथे कुणी ठेवलं?"

म्हाताऱ्याने खूप विचार केला. कपाळाला आठ्या पडल्या.

"नाही आठवत, पोरी. मला माझंच नाव आठवत नाही. पण तू रडत होतीस, वारा फार होता, आणि मी दार ढकलून उघडलं. दार जड होतं. एवढं आठवतं."

असिमिना ओक्साबोक्शी रडली. बरं वाटलं म्हणून रडली की वाईट वाटलं म्हणून, ते तिलाही कळलं नाही. मग डोळे पुसून घरी गेली. घरात एक पोतं काबुली चण्याचं होतं, हिवाळ्यासाठी ठेवलेलं. ते सगळं तिने भिजत घातलं.

का घातलं? मला विचाराल तर तिलाही नीट सांगता आलं नसतं. उद्या माहेर मोडणार. सकाळी उन्हातान्हात माणसं दगड फोडायला येणार, ती काय उपाशी काम करणार? आणि ज्यांच्या घरी आयुष्यभर खाल्लं, त्यांना एकदा तरी आपल्या हातचं खाऊ घालावं, मग होऊ दे काय व्हायचं ते. असं काहीतरी तिच्या मनात आलं असेल.

सोमवारी पहाटेच तिने चर्चच्या दारात चूल मांडली. पाद्रीबाबांच्या बायकोकडून हंडा मागून आणला. चणे चढवले. कांदा घातला, डोळ्यांतून पाणी काढत घातला, तमालपत्र घातलं, वरून ऑलिव्हचं तेल सोडलं. पाव भाजले. म्हातारा लाकडं सारत बसला. वास असा सुटला की विचारू नका.

मग पहारी खांद्यावर टाकून गाव आलं. पुढे स्ताथीस. सकाळी कुणी काही खाल्लेलं नव्हतं. आणि समोर काय? चर्चचं दार. दारात हंडा. हंड्यातून वाफ. शेजारी पावाची चळत.

आता त्या गावातल्या माणसांना जन्मापासून एकच सवय. चर्चच्या दारात हंडा दिसला की टोपी काढायची, छातीवर क्रूस करायचा आणि जमिनीवर बसायचं. कुणी विचारच केला नाही. पहारी ठेवल्या झाडाखाली. टोप्या काढल्या. क्रूस केला. बसले! स्ताथीससुद्धा बसला. असिमिना वाढायला लागली. चणे लोण्यासारखे शिजले होते. नुसते पाव बुडवण्याचे आवाज. मुलांनी तिसऱ्यांदा मागून घेतलं. झाडावरून उतरलेल्या धनगरांनी बोटं चाटली.

जेवण झालं. स्ताथीसने मिशा पुसल्या, तृप्तीचा ढेकर दिला, आणि आयुष्यभर प्रत्येक हंड्यापाशी जे म्हणत आला तेच भरल्या पोटी मोठ्याने म्हणाला, "पुष्कळ वर्षं, असिमिना! पुष्कळ वर्षं!"

आणि सगळं गाव म्हणालं, "पुष्कळ वर्षं!"

मग एकदम स्ताथीसचा हात मिशीवर तसाच राहिला.

"मी आता काय म्हटलं?" त्याने हळूच विचारलं.

"पुष्कळ वर्षं म्हटलंस," पाद्रीबाबा म्हणाले.

"पण आपण तर चर्च पाडायला आलो होतो."

"आलो होतो खरे."

"मग आता?"

पाद्रीबाबांनी झाडाखालच्या पहारींकडे बघितलं, रिकाम्या ताटाकडे बघितलं. "आता काय! दारात जेवलास, वर पुष्कळ वर्षंही म्हणून बसलास. आता या दगडाला हात लावशील तर मीच तुला पाणी देणार नाही."

"पण हा कोणत्या संताचा दिवस झाला?"

"ते मला विचारू नकोस," पाद्रीबाबा म्हणाले.

स्ताथीस हसायला लागला. आधी हळू, मग पोट हलवून. मग सगळंच गाव हसायला लागलं, आणि आपण का हसतोय हे निम्म्यांना माहीतच नव्हतं. पण उठेना मात्र कुणी. कारण तिकडची रीत अशी, की यजमानाने उलट उत्तर दिल्याशिवाय पाहुण्याने उठायचं नाही. सगळे असिमिनाकडे बघत बसले.

आणि असिमिना? ती पळी हातात धरून उभी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारात तिने ते उत्तर ऐकलं होतं. पाठ होतं तिला. पण ते आपण म्हणायचं असतं, हे तिच्या ध्यानातच येईना. तिने मागे वळून बघितलं, यजमानीण कोण म्हणून. मागे कुणी नव्हतं, नुसतं उघडं दार.

"अगं, तूच," पाद्रीबाबांची बायको म्हणाली. "तुलाच म्हणायचंय."

तेव्हा असिमिनाने पदराने तोंड पुसलं आणि बारीक आवाजात म्हणाली, "तुमचीही पुष्कळ वर्षं. माझ्या दारात आलात, बरं केलंत."

माझ्या दारात. असं ती पहिल्यांदाच म्हणाली, बरं का. आणि मग गाव उठलं.

म्हातारा कुठे गेला म्हणता? आत गेला. फळीवर जाऊन बसला, होता तसाच काळाकुट्ट. त्याला पुन्हा कुणी कांदा लावला नाही. खळ्याची फरशी स्ताथीसने आपल्या अंगणाची भिंत पाडून घातली आणि बायकोची बोलणी खाल्ली. आणि असिमिना दरवर्षी त्या दिवशी हंडा चढवायची. कुणाला आपल्याला काय होतंय हेच कळत नसलं, कुठे जायचं हे सुचत नसलं, कोणत्या संताला सांगावं तेही ठाऊक नसलं, की ते माणूस त्या बिननावाच्या चर्चच्या उंबऱ्यावर येऊन बसायचं. असिमिना त्याला आधी खायला द्यायची, मग विचारायची. असे ते सगळे सुखाने राहिले.

नाव काय होतं त्याचं? मला नाही माहीत. खरंच नाही. तुम्हालाही नाही, पाद्रीबाबांनाही नाही, आणि तरी त्यांना कशी छान झोप लागली बघा. चला, पाय आत घ्या, डोळे मिटा, आणि कुणी कुणाचं पांघरूण ओढायचं नाही.